पोळ्याचा साज आणि फोटोतला पट्टा

जनावराच्या साजासाठी हातानं काही करायचं ते पोळ्यापुरतं, ही समजूत यवतमाळ जिल्ह्यात अजून पक्की आहे. घुंगरमाळ, कवड्यांचा पट्टा, सुती गोंडे, मटाट्या, येसण, कासरा असा हा सगळा माल पिठोरी अमावास्येच्या आधीच्या बाजारात येतो आणि नंतर वर्षभर कुणी त्याचं नाव काढत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या धंद्याचं काय झालं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ट्रॅक्टर आला, बैल गेले, नायलॉन आलं, सूत गेलं. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. साज मागे पडला त्यात बैल कमी होण्याइतकाच वाटा विक्रीच्या रीतीचा आहे. आज कुत्र्याचा किंवा बकरीचा पट्टा हातानं बनवून मोबाईलवर विकू पाहणाऱ्यांची अडचणही नेमकी तीच आहे.

आधी बैलांचा हिशेब. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट झाली, आणि एवढी घट कुठलाही जोडधंदा सहज पचवू शकत नाही. यवतमाळात कपाशीच्या डवरणीला बैलजोडी अजून लागते, नांगरणी मात्र ट्रॅक्टरकडे गेली. दोन जोड्यांच्या घरी एक उरली आणि एकीच्या घरी भाड्याची आली. भाड्याच्या बैलाला कुणी साज घेत नाही. पण २०१९ च्याच गणनेत देशातल्या शेळ्या दहा टक्क्यांनी वाढून १४ कोटी ८९ लाखांपर्यंत पोचल्या होत्या. म्हणजे बांधायचे गळे संपले नव्हते, ते दुसऱ्या जनावरांचे झाले होते. कारागीर मात्र बैलाचंच माप धरून बसला.

धंदा का बसला, हे समजायला शेतीचं वेळापत्रक पाहावं लागतं. पोळा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो आणि कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. सगळ्या साजाची विक्री अशा आठवड्यात व्हायची, जेव्हा बी-खताची उधारी डोक्यावर असते आणि पीक अजून शेतात उभं असतं. ज्या जिल्ह्याची ओळख शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर झाली, तिथं हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री झूल आणि घुंगरांवरच लागणार. त्यात एकच हंगाम हुकला की वर्ष गेलं. २०२० मध्ये कोरोनामुळे सार्वजनिक पोळे भरले नाहीत; २०२२-२३ मध्ये लम्पी या चर्मरोगामुळे जनावरांच्या बाजारांवर आणि गर्दीवर बंधनं आली. मध्यंतरी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांसाठी थोडी मागणी परतली. पण ती शौकिनांची मागणी, तिच्यावर गावोगावचे कारागीर जगत नाहीत. वर्षातून एकदा विकला जाणारा माल, तोही उधारीच्या दिवसांत, हा धंदा ट्रॅक्टर आला नसता तरी लंगडलाच असता.

नायलॉनचंही तसंच. ते स्वस्त आहे, पावसात कुजत नाही, ताण सोसतं. शेतकऱ्यानं ते घेतलं यात त्याची चूक नाही. सुती दोर घाम पितो, मानेला मऊ लागतो. नायलॉन ओढ बसली की कातडं सोलतं आणि गाठ सैल सोडतं. हा फरक बाजारात हाताला कळायचा. गिऱ्हाईक दोराचा पीळ उलटा फिरवून पाहायचं, घुंगरू कानाशी हलवायचं, कवड्यांच्या मागची शिवण नखानं ओढायचं आणि मग पट्टा स्वतःच्या कोपरापर्यंत मोजून बैलाच्या गळ्याचा अंदाज घ्यायचं. या तपासणीतच हातकामाची किंमत ठरायची. दुकानात टांगलेल्या रंगीत नायलॉनच्या जुड्यांनी ही तपासणीच बाजारातून हद्दपार केली. तपासणी गेली की फक्त भाव उरतो, आणि भावात यंत्राशी हात कधीच जिंकत नाही.

मोबाईलवरच्या विक्रीचा मुद्दा इथं येतो. २०१६ नंतर स्वस्त डेटा खेड्यापर्यंत आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारात माल विकता येऊ लागला. वाट मोकळी झाली, पण हात लावून पाहण्याचं काम आता फोटोनं करायचं आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. बहुतेक फोटो पोळ्याच्या फोटोसारखेच असतात: झगमगीत, लाल सतरंजीवर ठेवलेला लाल पट्टा, वर फ्लॅशची चमक. मोबाईलचा कॅमेरा भडक लाल रंग सपाट करून टाकतो, त्यामुळे विणीचा पोत दिसत नाही. काळा चामडी पट्टा फ्लॅशमध्ये नुसता डाग होतो. ढगाळ दिवशी ओसरीत, फिक्या कापडावर, एका बाजूनं येणाऱ्या उजेडात तोच पट्टा ठेवला तर टाका न् टाका मोजता येतो. शेजारी टेप हवी. बक्कल जवळून दिसावं, आणि कडी शिवली आहे की रिबीट मारला आहे तेही. उलटी बाजू हवीच, कारण खरं काम तिथं कळतं. शेवटी पट्टा जनावराच्या गळ्यात, आत दोन बोटं सरकवलेली. घुंगरांचा आवाज फोटोत येत नाही, त्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ लागतो.

यावर आक्षेप येतील, आणि काही रास्त आहेत. कुत्र्याचा पट्टा हा पुण्या-मुंबईचा शौक, त्यासाठी पोळ्याची कला कशाला उतरवायची, असं काहींना वाटेल. पण साज कधीच एका जागी थांबलेला नव्हता. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा समाजाचे पूर्वज धान्य-मिठाचे तांडे घेऊन फिरत, तेव्हा त्यांच्या बैलांवर कवड्या आणि घंटा आल्या. त्या कवड्या मुळात मालदीवच्या समुद्रातल्या. जी कला एवढ्या लांबून सामान उचलू शकते, तिला लॅब्राडोरच्या गळ्याचा विटाळ होण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बैलाचा साज जसाच्या तसा छोटा केला तर तो घातक ठरतो. कुत्रं कवडी चावून गिळतं, आरशाचा तुकडा तोंडात जातो, मांजर पट्ट्यासकट फांदीला अडकतं. हे खरं आहे. मांजराला ताण बसताच सुटणारं बक्कलच हवं, आणि कुत्र्याच्या पट्ट्यावर कवडीऐवजी भरतकामच बरं. रंग पक्का नसेल तर पहिल्याच पावसात पांढरं कुत्रं गुलाबी होतं, आणि मग कितीही चांगला फोटो गिऱ्हाईक परत आणत नाही. तिसरा आक्षेप भावाचा. त्याला उत्तर नाही. यंत्राचा पट्टा स्वस्तच राहणार. हातकामाला मापाप्रमाणे करून देणं आणि तुटलं तर दुरुस्त करून देणं, एवढ्याच दोन गोष्टींवर पैसे मागता येतात.

म्हणून या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या बचत गटांना आणि घरगुती कारागिरांना एक सुचवणं आहे. पोळ्याची वाट पाहू नका आणि शहरातल्या कुत्र्यापासूनही सुरुवात करू नका. आधी आपल्याच गावातल्या बकऱ्यांसाठी साध्या सुती पट्ट्यांच्या तीन मापांचा संच करा, दोन-तीन पावसाळी महिने तो गळ्यात राहू द्या आणि मग फोटो काढा, नव्याचाही आणि वापरलेल्याचाही. वापरलेल्या पट्ट्याचा फोटो बाजारात जवळजवळ कुणी टाकत नाही.