विहिरींत उतरण्याचा दोर

पंपाचा फूटव्हॉल्व्ह काढणें, गाळ उपसणें, ढासळलेलें बांधकाम पाहणें अशा कामांसाठीं विहिरींत माणूस उतरवावा लागतो. त्या वेळीं हातीं लागेल तो दोर घेण्याची चाल आहे. परंतु मोटेचा नाडा पाण्याचा भार ओढण्यासाठीं असे. माणसाचा जीव त्यावर सोंपविणें ही निराळी गोष्ट होय.

या कामास नायलॉनचा, फारसा न ताणणारा दोर योग्य. यास ‘स्टॅटिक’ दोर म्हणतात. त्याच्या आंत तंतूंचा गाभा व वर विणलेलें आवरण असतें. भार मुख्यतः गाभा पेलतो. आवरण त्याचें घासण्यापासून रक्षण करतें. ‘ईएन १८९१’ या १९९८ च्या युरोपीय मानकाप्रमाणें ‘ए’ वर्गाचा नवा दोर निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें २,२०० किलो वजनाइतका ताण सोसतो. गांठ मारतांच ही शक्ति सुमारें एक-तृतीयांशानें घटते. शिवाय दोर झिजतो व भिजतो. म्हणून आरंभींच इतकी शक्ति राखलेली असते.

हा दोर ताणत नाहीं, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. गुण असा कीं, लोंबकळणारा मनुष्य वर-खालीं हिंदकळत नाहीं. दोष असा कीं, पडण्याचा धक्का दोर स्वतः सोसत नाहीं, तो माणसाच्या शरीरास बसतो. दोर न तुटतांही पाठीचा कणा मोडूं शकतो. यास्तव दोर सदैव तंग ठेवावा. ढिला सोडूं नये.

दोर दोन निरनिराळ्या भक्कम आधारांस बांधावा. पंपाच्या नळास बांधूं नये. कांठाच्या दगडावर जाड गोणपाट घालावें, कारण ताणलेला दोर धारेवर लवकर कापला जातो. दोर नुसत्या कंबरेस न बांधतां मांड्या व कंबर धरणारा पट्टा वापरावा.

बॅटरींतील आम्ल नायलॉनचा नाश करतें, आणि कडक उन्हानें तो दुबळा होतो. म्हणून दोर स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावा. प्रत्येक वेळीं तो हातानें चांचपून पाहावा. आवरण फाटलें, मध्येंच मऊ वा कठीण लागलें, किंवा जोराचा धक्का बसला, तर त्यावर पुन्हा माणूस सोडूं नये.

विषारी हवेवर मात्र कोणताही दोर उपाय नव्हे. हवेची खात्री झाल्यावांचून उतरूं नये. तथापि, उतरलेला मनुष्य दोरास बांधलेला असेल व वर कप्पी आणि चार माणसें सिद्ध असतील, तर तो बेशुद्ध पडल्यास वरूनच ओढून काढतां येतो. त्यास वांचविण्यासाठीं दुसऱ्यानें धांवत खालीं उतरूं नये. अशानें एकामागून एक जीव गेले आहेत.