लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : वीस वर्षांचा ताळेबंद

सहा बाह्य तपांमध्ये उपवासाच्या लगोलग उणोदरीचे स्थान आहे. भुकेपेक्षा चार घास कमी खाऊन ताटावरून उठणे, हे ते तप. या संस्कारात वाढलेल्या घरात एखाद्याचे वजन सव्वाशे किलोपलीकडे गेले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला, की पहिला उद्गार बहुधा ठरलेला असतो : "जिभेवर ताबा ठेवला असता तर पोट कापून घेण्याची वेळ आली नसती." हा उद्गार मायेपोटीच निघतो, पण ज्याला उद्देशून तो निघतो, तो मनुष्य त्यानंतर आपली भूकही लपवू लागतो आणि आपला आजारही.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. तीव्र लठ्ठपणा जडल्यानंतर शरीर ते वाढलेले वजनच आपले घर मानते. आहार घटवला की भूक जागवणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक वाढते, शरीराचा इंधनाचा खर्च कमी होतो आणि महिन्याभरात उतरलेले किलो वर्षभरात परत येतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका विस्तृत अभ्यासात हे स्पष्ट दिसले. शस्त्रक्रिया झालेले २,०१० रुग्ण एका बाजूला आणि नेहमीचे उपचार घेणारे तशाच प्रकृतीचे २,०३७ रुग्ण दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी होती. दुसऱ्या गटाला सल्ले मिळाले, औषधे मिळाली. परंतु पंधरा वर्षांत त्यांचे सरासरी वजन जवळजवळ होते तिथेच राहिले.

शस्त्रक्रियेच्या गटाचे वजन दोन वर्षांत सरासरी २३ टक्क्यांनी उतरले. पुढे त्यातील काही परत चढले. दहा वर्षांच्या टोकाला जठराला वळसा देणाऱ्या 'बायपास' शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे वजन मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते; इतर, आता फारशा न होणाऱ्या पद्धतींमध्ये ही घट १४ ते १६ टक्के राहिली. १२० किलोचा मनुष्य दहा वर्षांनी ९० किलोवर असणे, याला यश म्हणायचे की नाही? ७० किलोचे स्वप्न पाहून शस्त्रक्रियेला गेलेल्याला ते अपयश वाटते. हृदय, गुडघे आणि श्वास यांच्या दृष्टीने मात्र तो मोठा लाभ आहे.

आयुष्याचा हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचे प्रमाण तुलनेने २९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२० साली पुन्हा गणित मांडले गेले, तेव्हा या रुग्णांचे आयुर्मान शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक, पण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी भरले. म्हणजे जुने कर्ज बरेचसे फिटते, सगळे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत दगावलेले रुग्ण २,०१० पैकी पाच होते. धोका लहान आहे. तो शून्य आहे असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मधुमेहाच्या बाबतीत तर आकडे दोनदा वाचावेत असे आहेत. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह शमलेला होता. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. 'साखर कायमची गेली' ही जाहिरातीची भाषा म्हणूनच टिकत नाही. असे असले तरी शस्त्रक्रिया न झालेल्यांत पंधरा वर्षांनी हेच प्रमाण साडेसहा टक्के होते. मधुमेह जितका नवा, तितका लाभ अधिक. दहा वर्षे इन्सुलिनवर काढल्यानंतर शस्त्रक्रियेला जाणारा उशिराच पोहोचतो.

भारतीयांसाठी हा प्रश्न आणखी टोकदार आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, देहभारांक २२.३, पण ब्रिटिश गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये शस्त्रक्रियेचा विचार सामान्यतः देहभारांक ३५ पासून सुचवलेला असला, तरी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ वर आणली आहे. आरोग्य विम्याचे निकष मात्र जुनेच आहेत : देहभारांक ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५. दावा नाकारला गेल्यावर हे कळण्यापेक्षा पॉलिसी आधीच वाचलेली बरी.

आज मुख्यतः दोन शस्त्रक्रिया प्रचलित आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी थैली करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. ज्याला आधीपासून छातीत जळजळ होते त्याने स्लीव्हचा निर्णय घाईने घेऊ नये. स्वित्झर्लंडमधील एका तुलनेत पाच वर्षांनी स्लीव्हच्या ३२ टक्के रुग्णांची आम्लपित्ताची तक्रार वाढली होती. बायपासमध्ये सहा टक्क्यांची.

शस्त्रक्रिया दोन तासांची, पथ्य जन्मभराचे. आणि जैन स्वयंपाकघराला खरा विचार इथेच करावा लागतो. रुग्णाला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका लहान वाटीभर शिजलेल्या वरणात पाच-सहा ग्रॅम असतात आणि नव्या जठरात एका वेळी ती एक वाटीच मावते. अंडी नाहीत, कंदमुळे नाहीत. उरतात पनीर, दही, मूग, सोयाबीन आणि दुधापासून काढलेली व्हे प्रथिनांची पावडर. पोळी-भाताने वाटी भरली की प्रथिनांना जागा उरत नाही, म्हणून ताटातला क्रम बदलावा लागतो : आधी पनीर-डाळ, मग भाजी, जमल्यास अर्धी पोळी. बायपासनंतर बासुंदीची वाटी घाम, धडधड आणि चक्कर घेऊन येते. आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना हे यजमानानेच आधी सांगून ठेवावे.

ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न सर्वांत मोठा. ते शोषण्यासाठी जठरातच तयार होणारा एक घटक लागतो आणि शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तुटपुंजा. ते न घेतल्यास मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणे ही लक्षणे हळूहळू उमटतात आणि वयाच्या नावावर खपून जातात. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आयुष्यभर घ्यावे लागते. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते, तर ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. हे कळल्यावर काही जण गोळ्याच सोडून देतात. तसे करण्याची गरज नसते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूल, साध्या गोळ्या आणि दगडफुलापासून काढलेले ड-३ मिळते. ब-१२ तर जिवाणूंच्या किण्वनातूनच तयार होते.

तपश्चर्येचा प्रश्न नाजूक आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम या रुग्णांना मानवतो, कारण रात्रीचे खाणे आपोआप थांबते. पण पाणी जेवणासोबत घेता येत नाही, दिवसभर घोटाघोटाने दीड-दोन लिटर प्यावे लागते. चौविहारात तेरा तास पाणी बंद झाले तर दिवसाचा हिशेब चुकतो. तिथे तिविहाराचा पर्याय आहे. एकासण्यात दिवसाची सगळी प्रथिने एका बैठकीत मावणे अशक्य. आयंबिलात दूध-दही वर्ज्य, म्हणजे मुख्य आधारच जातो. पहिल्या वर्षी अठाईचा विचारही करू नये. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. उलट्या आणि उपवास एकत्र आले तर दृष्टी दुहेरी होणे, पाय लटपटणे, भ्रम होणे अशी मेंदूची इजा होऊ शकते, आणि ती नेहमी भरून येत नाही. पच्चक्खाणात अस्वास्थ्यासाठी आगार ठेवलेले आहेत. साधू-साध्वींसमोर आपली शस्त्रक्रिया उघडपणे सांगितली, तर झेपेल असा मार्ग तेच दाखवतात.

मनाकडेही पाहायला हवे. अमेरिकेतील युटा राज्यात ७,९२५ शस्त्रक्रियांचा पाठपुरावा झाला. मृत्यू एकूण ४० टक्क्यांनी घटले, मधुमेहाचे तर ९२ टक्क्यांनी; परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक आढळले. देह हलका झाला म्हणजे सगळी दुखणी हलकी झाली, असे घरच्यांनी गृहीत धरू नये.

आता साप्ताहिक इंजेक्शनेही आली आहेत. सेमाग्लुटाइडने सुमारे सोळा महिन्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरले. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील दोन तृतीयांश परत आले. सौम्य लठ्ठपणात त्यांचा उपयोग मोठा आहे. देहभारांक पंचेचाळीसच्या घरात असेल तर शस्त्रक्रियेचे स्थान अजून टिकून आहे.

उपवर मुलीची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती सासरी सांगायची की नाही, यावर अनेक घरांत कुजबूज चालते. लपवली तर रोजच्या गोळ्याही लपवाव्या लागतात, पहिल्याच पर्युषणात अठाईचा आग्रह होतो, आणि मूल कधी व्हावे हा निर्णयही तिच्या हाती राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर किमान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते. त्यानंतरही गरोदरपणात लोह, ब-१२ आणि फॉलिक आम्लाच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. हे सासूला ठाऊक असेल तर ती सुनेच्या ताटात आधी पनीर वाढते.