चिकन खमंग, ट्रेही लख्ख!

हल्ली लहान गावांतही बऱ्याच घरांत ओटीजी ओव्हन आलाय. कुणी धनत्रयोदशीला घेतलेला, कुणाला लग्नात आहेर म्हणून आलेला. सुरुवातीला केक होतो, नानकटाई होते, मुलांच्या वाढदिवसाला पिझ्झा होतो. मग एखाद्या रविवारी घरातून फर्माईश येते, "अख्खं चिकन रोस्ट कर ना, हॉटेलात मिळतं तसं!" चिकन होतं, सगळे बोटं चाटत खातात. आणि रात्री उशिरा काळाकुट्ट ट्रे खरवडत मोरीपाशी असते ती घरची बाईच. असं दोन-तीनदा झालं की ओव्हन माळ्यावर जातो. माझ्या ओळखीतले चारेक ओव्हन तरी मी असे माळ्यावर बघितलेत.

मैत्रिणींनो, दोष ओव्हनचा नाही आणि चिकनचाही नाही. ट्रे घासताना वाचत नाही, तो चिकन आत ठेवण्याआधी वाचवावा लागतो. एकदा हे ध्यानात आलं की बाकी सगळं सोपं आहे.

ट्रे काळा का पडतो?

चिकनमधून जे खाली ठिबकतं, त्याने. दह्याचं पाणी, मसाला, चरबी सगळं ट्रेत उतरतं. ट्रेत ओल आहे तोवर ते उकळत राहतं, जळत नाही. पाणी आटलं की मात्र मसाला करपतो. साखर तर १६०-१७० अंशांनाच रंग बदलायला लागते, मध त्याहीआधी, आणि आपण ओव्हन लावतो २०० वर! तेलाचा पातळ थर तापून तापून आधी चिकट होतो, मग वार्निशसारखा टणक. बिडाच्या तव्यावर हाच थर आपण मुद्दाम चढवतो, ट्रेवर तो नकोसा होतो.

म्हणजे करायचं काय? ठिबकणं कमी करायचं, जे ठिबकेल त्याला ओल द्यायची आणि गोड अगदी शेवटी लावायचं.

मुरवण घट्ट हवं

साफ केलेलं एक ते सव्वा किलोचं अख्खं चिकन घ्या. आपल्याकडे दुकानदार बहुतेक वेळा सोलूनच देतो, त्यामुळे ते लवकर कोरडं पडतं. धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात अलगद धुवा. नळाच्या धारेखाली धरलं तर शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात. मग आतून-बाहेरून कोरडं पुसून घ्या.

वाटीभर दही श्रीखंडाला बांधतो तसं फडक्यात दोन तास टांगून ठेवा. या चक्क्यात दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, दोन चमचे लाल तिखट, हळद, चमचाभर गरम मसाला, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चमचे तेल कालवा. तंगडीला आणि छातीला चिरा देऊन मसाला चोळा आणि फ्रिजमध्ये चार तास किंवा रात्रभर मुरू द्या. मुरवायला स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या. अॅल्युमिनियमचं, म्हणजे आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो ते, नको. दही-लिंबाच्या आंबटपणाने त्याला बारीक खड्डे पडतात आणि धातू मसाल्यात उतरतो. ओव्हनचा ट्रेही बऱ्याचदा याच धातूचा असतो, म्हणून चिकन त्यात मुरवून तसंच भाजायला ठेवू नका.

भाजायच्या वेळी जास्तीचा मसाला निपटून काढा. तो फेकू नका, रस्सा करता येतो. मात्र कच्च्या चिकनचा आहे, तेव्हा चांगला खळखळून उकळायचा, बरं का!

कांद्या-बटाट्याची गादी

आता खरी युक्ती. ट्रेत कांद्याच्या जाड चकत्या आणि बटाट्याच्या फोडी पसरा, अर्धा कप गरम पाणी घाला आणि त्यावर चिकन ठेवा. पाय दोऱ्याने बांधा. ठिबकलेलं सगळं कांदा-बटाटा पिऊन घेतात. ट्रे वाचतो, आणि आमच्याकडे तर चिकनआधी बटाटेच संपतात!

ट्रे चिकनच्या बेताचा घ्या. फार मोठा घेतला तर मोकळ्या कडांवर रस पसरून करपतो, फार लहान घेतला तर सांडून ओव्हनच्या तळात जातो.

ओव्हन दहा मिनिटं आधी तापवा. पहिली ४० मिनिटं १८० अंशांवर, वरून फॉइल सैल झाकून. आंबट मसाल्याला फॉइल चिकटू देऊ नका. मग फॉइल काढून, लोणी लावून २०० अंशांवर आणखी २० ते २५ मिनिटं. मधे एकदा डोकावा, ट्रे कोरडा दिसला तर दोन डाव उकळतं पाणी घाला. मध लावायचा तर शेवटच्या दहा मिनिटांत. तंगडीच्या जाड भागात सुरी खुपसल्यावर रस स्वच्छ आला, गुलाबी झाक नसली की झालं. थर्मामीटर असेल तर ७४ अंश बघा. दहा मिनिटं तसंच ठेवून मग कापा, पण ट्रेत नको, पाटावर कापा.

तळाला फॉइल अंथरायची असेल तर ती ट्रेत अंथरा, ओव्हनच्या रॉडवर किंवा तळात कधीच नको. आणि साधा बटर पेपर म्हणजे बेकिंग पेपर नव्हे. बेकिंग पेपरच्या खोक्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्या.

भांडं तसं जपणं

काचेचं भांडं: फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये नको. तापलेल्या काचेत गार पाणी घालू नका, ओल्या ओट्यावर टेकवू नका. कोरड्या जाड फडक्यावर ठेवा. वरच्या ग्रिलच्या रॉडखालीही काच नको.

नॉनस्टिक: २६० अंशांच्या आसपास त्याचा थर खराब व्हायला लागतो. आकडा २०० वर असला तरी रॉडजवळ उष्णता जास्त असते, म्हणून वरचं ग्रिल लावून नॉनस्टिक रॉडला भिडवू नका. त्या तापलेल्या थराचा धूर पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सच्या जिवावर बेततो.

अॅल्युमिनियम: धुताना सोडा नको, त्याने भांडं काळवंडतं. काळवंडलंच तर चिंचेचं किंवा लिंबाच्या सालीचं पाणी उकळा, बराच फरक पडतो.

आणि घासायचं कसं?

ट्रे कोमट झाला की चरबी कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मोरीत ओतलीत तर पाइप तुंबेल. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून तासभर भिजू द्या. काच, स्टील किंवा एनॅमल असेल तर डागांवर खायच्या सोड्याचा ओला लेप रात्रभर ठेवा. सोड्यावर लिंबू पिळून फेस काढायची पद्धत आहे खरी, पण फेस दिसतो तेवढाच! आंबट आणि खारं एकमेकांना मारून टाकतात. तारेची घासणी नको. लाकडी उलथन्याच्या कडेने अलगद खरवडा.

घरात सासूबाई शाकाहारी असतील, वार पाळत असतील, तर केकचा ट्रे वेगळा ठेवलेला बरा. भांड्यांच्या दुकानात ओव्हनच्या मापाचा साधा ट्रे मिळतो. श्रावणात चिकनचा ट्रे आत जातो, केकचा बाहेर राहतो, आणि कुणाची कुरकुरही नसते.

मधेच लाइट गेली तर ओव्हनचं दार उघडू नका. बराच वेळ आलीच नाही, तर चिकनचे मोठे तुकडे करून बिडाच्या कढईत थोडं पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पुरं करा. अर्धवट शिजलेलं तसंच ठेवू नका.

आणि हो, एक नियम मी आमच्या घरात लावलाय, तुम्हीही लावून बघा. फर्माईश ज्याची, ट्रे त्याने घासायचा! भिजवलेला ट्रे पाच मिनिटांत निघतो, तेव्हा कुणाला नाही म्हणायला जागाच उरत नाही.