टेम्पोतले घर

मराठीत आपण ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो ते मुळात एका जर्मन मालगाडीचे नाव. हॅम्बुर्गच्या ‘विडाल उंड सोन’ या कंपनीच्या गाड्या त्या नावाने विकल्या जात. १९५८ मध्ये एन. के. फिरोदिया यांनी तिच्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली, पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला आणि कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. त्याच घराण्यातली मॅटाडोर शाळेच्या मुलांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना घेऊन फिरली. जर्मनीतल्या मूळ मॅटाडोरला सुरुवातीची काही वर्षे फोक्सवॅगनचे इंजिन होते. म्हणजे हौशी प्रवाशांनी पुढे जिचे घर केले त्या फोक्सवॅगन बसची ही जवळची नातलगच. एक चुलत बहीण जगभर ‘कॅम्पर’ म्हणून मिरवली, दुसरी आपल्याकडे भाजीच्या पाट्या वाहत राहिली. असे का झाले, हा या लेखाच्या दोन प्रश्नांपैकी एक. दुसरा प्रश्न साधा आहे : पत्र्याच्या रिकाम्या डब्यात माणूस झोपू, शिजवू आणि सकाळी धडधाकट उठू शकेल, यासाठी नेमके काय करावे लागते?

फोक्सवॅगनच्या बसची कल्पना बेन पॉन या डच विक्रेत्याने १९४७ साली वहीच्या पानावर रेखाटली. मार्च १९५०मध्ये वोल्फ्सबुर्गला तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वीडेनब्र्युकच्या वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणला. हे गाडीचे रूपांतर नव्हते. ते एक लाकडी पेटीवजा फर्निचर होते : शनिवारी गाडीत चढवायचे, रात्री त्याचा पलंग करायचा, सोमवारी उतरवून गाडी पुन्हा कामाला लावायची. युद्धानंतरच्या जर्मनीत दोन गाड्या परवडणारी माणसे थोडी होती; धंद्याची गाडीच सुटीची गाडी व्हायला हवी होती. ही पेटी लक्षात ठेवावी, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने याच सुमारास ‘डॉर्मोबिल’ काढली. झोपणे या अर्थाचा फ्रेंच धातू आणि मोटार यांचा तो जोडशब्द. तोही टेम्पोसारखाच सामान्यनाम होऊन इंग्रजी शब्दकोशात गेला. तिथे मागे खिडक्या नसलेल्या मालवाहू व्हॅनवर खरेदीकर नव्हता आणि मोटारीवर तो भरमसाट होता, त्यामुळे व्हॅन घेऊन आत घर करण्याच्या हौसेला हिशेबाचाही आधार मिळाला. कलेचा किंवा स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना आपण करांची कोष्टके सहसा पाहत नाही. पाहावीत.

आता आतल्या कामाकडे वळू. नवशिका आधी पलंग, कपाटे, रंगीत पडदे यांचा विचार करतो. अनुभवी माणूस आधी पाण्याचा विचार करतो, तेही पिण्याच्या नव्हे, श्वासातल्या. झोपलेला माणूस श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण ३५ ते ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोघांचे रात्रभराचे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी होते. समजा, बाहेर हिवाळ्याची रात्र आहे, तापमान १० अंश. गाडीचा पत्रा तेवढाच गार आहे आणि आतली हवा २० अंशांवर उबदार आहे. १० अंशांना एक घनमीटर हवा जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प धरते. बाहेरून आलेल्या हवेत सात ग्रॅम आधीच असेल, तर दहा घनमीटरच्या व्हॅनमध्ये आणखी पंचवीसेक ग्रॅमची सोय उरते. दारे-खिडक्या बंद करून झोपलेली दोन माणसे ती वीस-पंचवीस मिनिटांत भरून टाकतात. त्यानंतर गार पत्र्यावर दव धरू लागते. आतली हवा उबदार असून उपयोग नाही, कारण हिशेब सर्वांत गार पृष्ठभाग ठरवतो.

हे दव डोळ्यांसमोर काचेवर आले तर फडक्याने पुसता येते. पण प्लायवुडच्या आवरणामागे, पत्र्याच्या घडीत, गादीच्या खाली ते दिसत नाही. तिथे गंज धरतो, लाकूड कुजते, बुरशी येते. म्हणून पत्र्याला चिकटून बसणारा, ज्याच्या बंद पेशींतून बाष्प आरपार जात नाही असा फोम लावतात, आणि फोम व पत्रा यांच्यात पोकळी राहू देत नाहीत. नुसते थर्माकोलचे तुकडे कोंबले तर ती पोकळी राहतेच. गादीखाली पट्ट्यांची जाळी ठेवतात, म्हणजे खालून हवा फिरते. तरीही खरा उपाय एकच आहे : ओली हवा बाहेर घालवणे. वरच्या उदाहरणात तासाला चाळीसेक घनमीटर हवा बदलली तरी पुरते. छतावरचा छोटा पंखा मंद गतीवर हे सहज करतो, मात्र खाली कुठे तरी हवा आत यायला जागा हवी. कोकणात पावसाळ्यात हे गणित फसते, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. तिथे पत्रा गार नसल्याने दव कमी धरते, पण ओले कपडे वाळत नाहीत. मराठवाड्यात एप्रिलमध्ये तर सगळा प्रश्नच उलटा होतो. छताचा पत्रा तापतो आणि फोम ती उष्णता फक्त उशिराने आत येऊ देतो. पांढरा रंग, झाडाची सावली आणि पंखा हेच खरे. थंड देशांसाठी तयार झालेले नियम आपल्याकडे डोळे झाकून वापरू नयेत.

पलंगाची भानगड सेंटीमीटरची आहे. युरोपात कॅम्परसाठी फियाट डुकाटो ही व्हॅन सर्वाधिक का वापरतात, याचे एक मोठे कारण तिची आतली रुंदी. ती सर्वांत रुंद जागी १८७ सेंटीमीटर भरते. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरचे अस्तर गेले तरी १७७ उरतात आणि बहुतेकांना आडवे झोपता येते. पलंग आडवा बसला की गाडीची लांबी वाचते. त्या वाचलेल्या अर्ध्या मीटरात ओटा मावतो. मर्सिडीझची स्प्रिंटर आतून आठेक सेंटीमीटर अरुंद. तेवढ्यासाठी एक तर उभा पलंग करावा लागतो किंवा बाजूच्या पत्र्याला बाहेरून फुगवटा जोडावा लागतो. मुंबईच्या चाळीत एका खोलीत संसार केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

विजेचा हिशेब वहीवर करता येतो आणि तो करण्याआधी काहीही विकत घेऊ नये. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४० वॉट घेतो, पण दिवसातून एकूण आठेक तासच चालतो : ३२० वॉट-तास. पंखा रात्रभर १६०, दिवे ४०, फोन आणि लॅपटॉप मिळून सव्वाशेच्या आसपास. बेरीज साडेसहाशेच्या आत. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास १,२८० वॉट-तास साठवते, म्हणजे उन्हाशिवाय दोन दिवसांच्या जवळपास जाते. तेवढ्याच आकड्याची शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरावी लागते, नाही तर लवकर मरते, वजनही दुप्पट-अडीचपट. लिथियमची एकच नाटके आहेत : शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचे नाही. लडाखला निघणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

यात एक गंमत आहे, जी पुष्कळांना कळत नाही. इंडक्शन शेगडीवर लिटरभर पाणी उकळायला सुमारे १०० वॉट-तास लागतात. दिवसाच्या हिशेबात हे फार नाही. पण १,५०० वॉटची शेगडी चालू असताना बारा व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरची गळती धरून १३० अँपिअरच्या घरात प्रवाह वाहतो. घरातल्या संपूर्ण वायरिंगमधून एरवी इतका प्रवाह जात नाही. बॅटरीत दम आहे, वायरीत नाही. बारीक वायर तापते, तिच्यावरचे आवरण वितळते, शेजारी फोम आणि प्लायवुड असतात. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरातच योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. हे एक वाक्य कळले तर निम्म्या आगी टळतील.

गॅस वापरायचा तर दोन वेगळे धोके आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा बंद असतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. दुसरा धोका जळण्याचा. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. त्याला वास नाही, रंग नाही आणि त्याची पहिली लक्षणे म्हणजे डोके जड होणे, झोप येणे. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला तसेही हेच होत असते. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणे हा मृत्यूचा सरळ रस्ता आहे. कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू. या वायूचा इशारा देणारे यंत्र पलंगाच्या आधी विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके केले, तरी त्याला घर म्हणायचे का? युरोपीय संघाच्या नियमांनी याचे उत्तर चार कलमांत दिले आहे. मोटार-कॅरॅव्हॅन म्हणजे जिच्यात आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय आहे अशी गाडी. पलंग आसनांचाच झाला तरी चालेल. टेबल सहज काढता येणारे असले तरी चालेल. बाकी सारे पक्के जोडलेले हवे. संडास, न्हाणीघर, देवघर यांचा उल्लेख नाही. जर्मनीत स्वतः काम केलेला माणूस गाडी तपासनिसाकडे नेतो, तो हे सगळे पाहतो आणि कागदावर व्हॅनचे ‘निवासी वाहन’ होते. त्याने कर आणि विमा बदलतो. एका जिवंत व्यवहाराला नाव आणि पत्ता देण्याची ही रीत मला आवडते.

आपल्याकडे काय? आपल्याकडे गाडीत संसार हलवणे नवे नाही. पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक राहुट्या, पातेली, शिधा घेऊन पुढच्या मुक्कामी पोचलेला असतो. तमाशाचे फड हंगामभर ट्रकच्या आधाराने राहतात. पण गाडीतच पक्के घर करायचे तर मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ आड येते. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असे ते सांगते. सीएनजी किंवा अपंगांसाठीच्या बदलांसारखे मोजके अपवाद सोडले तर वाट नाही. केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. मोटार-कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये तपासण्या होतात. २०२१ पासून महाराष्ट्राचे आणि केरळचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आहे. मात्र ही सगळी व्यवस्था उत्पादक आणि बॉडी बांधणारे कारखाने यांच्यासाठी आहे. रविवारी करवत घेऊन अंगणात उतरणाऱ्या माणसाला त्यात दार नाही.

कायद्याची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. उंच छप्पर, जड टाक्या, कापलेला पत्रा यांनी गाडी उलटू शकते आणि मरणारा दर वेळी मालकच असतो असे नाही. पण तपासून परवानगी देणे आणि दारच बंद करणे यांत फरक आहे. बंद दारामुळे काम थांबत नाही, ते गुपचूप होते आणि मग त्या फ्यूजकडे कोणी जाणकार माणूस पाहत नाही.

म्हणून आपला हौशी माणूस पुन्हा १९५१ च्या पेटीपाशी येतो. गाडीत छिद्र नाही, आसनसंख्या तीच, आरसी बुकातला शब्द तोच. मागच्या सीट दुमडायच्या आणि प्लायची पेटी आत सरकवायची. तीत पलंगाच्या फळ्या, वीस लिटरचा कॅन, स्वयंपाकाचे सामान. शेगडी मागचे दार उघडून बाहेरच पेटवायची. कागदाला धक्का नाही. पण इथे एक विचित्र कोंडी होते. युरोपचा कायदा म्हणतो, पक्के जोडा. आपल्या कायद्याचा व्यावहारिक अर्थ होतो, जोडू नका. आणि पदार्थविज्ञान कोणाचेच ऐकत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात समोरासमोर आदळलेल्या गाडीत साठ किलोची मोकळी पेटी क्षणभर टनाहून अधिक वजनाच्या जोराने पुढच्या सीटच्या पाठीवर येते. तेव्हा कारखान्याने दिलेल्या हुकांना, सीटच्या मूळ बोल्टांच्या जागांना, खटक्याच्या रुंद पट्ट्यांनी ती चारही कोपऱ्यांत आवळावी. दोरी नको, दोरी सैल पडते. जड वस्तू तळाला आणि सीटच्या पाठीला टेकून.

पहिली रात्र गडावर किंवा समुद्रावर काढू नये. स्वतःच्या इमारतीखाली, नेहमीच्या जागेवर गाडी लावून दोघांनी तिच्यात झोपावे. सकाळी गादी उचलून तिच्या खालून हात फिरवावा, मग दाराच्या आतल्या पत्र्यावरून.