जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग

जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग हा दक्षिण मुंबईत मंत्रालयाजवळ नरिमन पॉइंट भागात असलेला रस्ता आहे. यशवंतराव चव्हाण केंद्र (प्रतिष्ठान) आणि सचिवालय जिमखाना याच मार्गावर आहेत. आझाद हिंद सेनेतील सेनानी व पुढे केंद्रीय उपमंत्री झालेले जगन्नाथराव कृष्णराव भोसले (1906–1963) यांचे नाव या मार्गाला दिलेले आहे.

नाव व पदवी

सभा, पुस्तक प्रकाशने व परिसंवाद यांच्या निमंत्रणपत्रिकांवर या मार्गाचे नाव वारंवार छापले जाते. मंत्रालयात कामाला येणारे ठाणे, डोंबिवली, कल्याणचे चाकरमानी ते रोज वाचतात. तथापि नावामागील ‘जनरल’ या पदवीमुळे भोसले हे स्वतंत्र भारताच्या भूदलातील सेनापती असावेत, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. ब्रिटिश हिंदी सैन्यात ते लेफ्टनंट कर्नल होते. मेजर जनरल हा हुद्दा त्यांना आझाद हिंद सेनेने दिला. ज्या सेनेतील अधिकाऱ्यांना व सैनिकांना स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही, त्या सेनेने दिलेला हुद्दा राज्याच्या मुख्य सचिवालयाशेजारी कायम राहावा, ही बाब लक्षणीय म्हटली पाहिजे. आडनावाची भोसले, भोंसले अशी दोन्ही रूपे आढळतात.

सैनिकी जीवन

भोसले यांचा जन्म तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. डेहराडून येथील लष्करी विद्यालयात व नंतर इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे त्यांचे शिक्षण झाले. एतद्देशीयांना अधिकारपद मिळणे दुर्मीळ असण्याच्या त्या काळात, 1928 मध्ये ते अधिकारी झाले व मराठा पलटणीत दाखल झाले.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिकांसह भोसले जपानच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. कॅप्टन मोहनसिंग यांनी उभारलेली पहिली आझाद हिंद सेना जपान्यांशी झालेल्या मतभेदांमुळे त्याच वर्षअखेर विस्कटली. 1943 च्या आरंभी तिची पुनर्बांधणी करण्याची जबाबदारी लष्करी विभागाचे संचालक म्हणून भोसले यांच्याकडे आली. सुभाषचंद्र बोस सिंगापूरला पोहोचले ते त्यानंतर, जुलै 1943 मध्ये. नेताजी आले तेव्हा त्यांच्या हाती सोपवण्याजोगी सेना शिल्लक होती, याचे श्रेय भोसले व त्यांचे सहकारी यांना द्यावे लागते; लोकप्रिय इतिहासात हा मधला काळ बहुधा गाळला जातो. 21 ऑक्टोबर 1943 रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारात सेनेचे प्रतिनिधी म्हणून त्यांचा समावेश होता. पुढे ते सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

राजकारण व पुनर्वसन

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भोसले रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीमुळे निर्वासित झालेल्यांना घर, काम व शिक्षण मिळवून देणे हे या खात्याचे काम होते. या प्रश्नाचे स्वरूप ठाणे जिल्ह्याने जवळून पाहिले आहे: दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याणजवळच्या छावण्यांत सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तेथे उल्हासनगर वसले. बराकींचे ‘कॅम्प’ आजही क्रमांकांनीच ओळखले जातात.

भोसले यांचे सर्वांत स्वतंत्र कार्य म्हणजे राष्ट्रीय शिस्त योजना. दिल्लीच्या लाजपतनगरमधील कस्तुरबा निकेतनात निर्वासित मुलांसाठी 1954 मध्ये ती सुरू झाली. कवायत, व्यायाम, समूहगान व नागरिकत्वाचे धडे असे तिचे स्वरूप होते. शस्त्रांचे शिक्षण तिच्यात नव्हते. घरदार हरवलेल्या मुलांना दिनक्रम मिळवून देणे हा तिचा मूळ हेतू होता. योजना नंतर इतर शाळांतही पसरली, शिक्षण मंत्रालयाकडे गेली आणि भोसले यांच्या मृत्यूनंतर, 1965 च्या सुमारास, नॅशनल फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली.

अन्य स्मारक

सावंतवाडी येथील उद्यानालाही जनरल जगन्नाथराव भोसले यांचे नाव आहे. सावंतवाडी व तिरोडे हा भाग त्यांच्या हयातीत रत्नागिरी जिल्ह्यात होता; 1 मे 1981 पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो.