पक्षाघाताची खूण रक्तात सापडेल?

पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांत गुठळी अडकून मेंदूची रक्तवाहिनी बंद होते. उरलेल्यांत ती फुटून रक्तस्राव होतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तेच रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर जिवावर बेतते. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग इंजेक्शन.

हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्तचाचणी मोठा आधार देते. मेंदूच्या बाबतीत असा जैवसूचक मिळणे अवघड. मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर मेंदूतली प्रथिने सहजी बाहेर पडू देत नाही. शिवाय यातली काही प्रथिने इतर अवयवांतही असतात. एस-१०० बी हे प्रथिन चरबीच्या पेशींतूनही येते. त्यावर निदान कसे बेतणार?

सध्या सर्वाधिक आशा आहे ती जीएफएपी या प्रथिनाकडून. ते मेंदूतल्या तारकापेशींत असते. रक्तस्रावात या पेशी तत्काळ फाटतात आणि प्रथिन लवकरच रक्तात उतरते. गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटला, तर पेशी सावकाश मरतात. त्यामुळे पातळी कित्येक तासांनंतर चढते. चाचणीची सारी मदार या वेळेच्या फरकावर आहे. पहिल्या काही तासांत पातळी बरीच वाढलेली दिसली, तर रक्तस्रावाचा संशय बळावतो. रुग्णवाहिकेतच हे कळले, तर रुग्णाला कुठे न्यायचे ते ठरवता येईल. पण छोटा रक्तस्राव या चाचणीतून निसटतो आणि मेंदूतल्या काही गाठी किंवा डोक्याला नुकताच लागलेला मार यांमुळेही पातळी वाढते. स्कॅनची जागा ती घेऊ शकत नाही.

त्यामानाने साधी रक्तशर्करा अधिक कामाची. साखर फार उतरली, तरी एक बाजू लुळी पडू शकते. म्हणून अल्टेप्लेजपूर्वी ती पाहावीच लागते. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशांक, १.७ च्या वर असेल, तर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत.

पुढचा प्रश्न गुठळी आली कुठून, हा. हृदयावर ताण आला की रक्तातले एनटी-प्रोबीएनपी हे प्रथिन वाढते, म्हणून गुठळी हृदयातून आल्याची ती खूण असू शकते. हा आणि हृदयाचे आणखी दोन निकष वापरून निवडलेल्या १,०१५ रुग्णांवर आर्केडिया चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अ‍ॅपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारे औषध अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरले नाही. सूचक धोका दाखवतो, म्हणून त्यावर बेतलेला उपचार लागू पडतोच असे नाही.