वर्षाचा संसार, एक उचल

नोकरदार घराचे अंदाजपत्रक महिन्याचे असते. महिनाअखेरीस ओढाताण झाली तरी पुढची एक तारीख ठरलेली असते आणि त्या भरवशावर वाण्याची वही चार दिवस थांबते. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत, हजारो घरांचे अंदाजपत्रक वर्षाचे असते आणि त्याच्या जमेच्या बाजूला मोठी नोंद एकच असते. ती म्हणजे ऊसतोडीची उचल. कारखान्यांचे गळीत सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ऐन पावसाळ्यात, मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला रोख रक्कम देतो. या जोडीला तिकडच्या बोलीत ‘एक कोयता’ म्हणतात. ही रक्कम म्हणजे पुढे चार-पाच महिने करावयाच्या श्रमाची आगाऊ घेतलेली किंमत. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर या घराचे वर्ष देण्याच्या बाजूने सुरू होते.

असे का, याचे उत्तर जमिनीत आहे. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. गोदाकाठच्या गेवराईत आणि सिंदफणेवरच्या धरणामुळे माजलगावात काळी, ओलिताची जमीन आहे. माथ्यावर मात्र उथळ मुरमाड रान, त्यात खरिपाचे एक पीक आणि तेही पावसाच्या मर्जीवर. १९७२ च्या दुष्काळात याच भागाने मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. जुनी माणसे आजही एखाद्या वर्षाची अडचण ‘बहात्तर’शी ताडून पाहतात. त्या दुष्काळातील कामांतून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. तरीही पावसाळा सरला की टोळ्यांनी गाव सोडायचे, ही रीत थांबली नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि पलीकडे कर्नाटक, जिथे कारखाना तिथे या जिल्ह्याचे बिऱ्हाड.

अशा घरातील काटकसर पाहायची असेल तर ती स्वयंपाकघरात पाहावी. तालुक्याच्या गावी किराणा, कापड वा अडत दुकान चालविणाऱ्या आपल्या अनेक वाचकांना तिची ओळख दुकानाच्या वहीतून आहे. चुलीपुढचे रूप क्वचितच दिसते. उन्हाळ्यात माघारी आलेली बाई पहिले काम करते ते पुढच्या वर्षाच्या कोरड्यासाची तजवीज करण्याचे. सांडगे घातले जातात, गवारीच्या शेंगा वाळतात, हरभऱ्याचा पाला रब्बीतच वाळवून गाडग्यात ठेवलेला असतो. येसराची पूड घरी कुटली, की भाजी नसलेल्या दिवशीही आमटी होते. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालून ती कणगीत भरतात. माळवे विकत आणणे हा बाजाराच्या दिवसाचा खर्च, आणि बाजार आठवड्यातून एकदाच. सरपण वेचून आणले जाते. गॅसची टाकी असली तरी ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. लुगडे जुने झाले की त्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरे. यातली एकही गोष्ट कोणी पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

रेशनचे धान्य हा या हिशेबातला मोठा टेकू आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घराला २५ किलो म्हणजे कमी नव्हे, पण दिवसभर कोयता चालवणाऱ्याच्या भुकेला ते पुरतही नाही. शिवाय धान्य मिळते ते गावच्या दुकानात, आणि माणसे असतात दोनशे किलोमीटर दूर उसाच्या फडात. देशात कुठेही रेशन घेण्याची सोय कागदोपत्री झाली असली तरी परक्या गावच्या दुकानदारापुढे ती बजावून घेणे पहाटे चारला फडात जाणाऱ्या माणसाला सोपे नसते. म्हणून ज्वारी-बाजरीची पोती ट्रॅक्टरमध्ये सामानासोबत जातात. फडावर रोजच्या मीठ-तेलाला लागणारा पैसा बहुधा वाढे विकून येतो. उसाचे शेंडे बांधून गोठेवाल्यांना विकायचे आणि त्यावर आठवड्याचा बाजार करायचा. उचलीचा पैसा तोवर गावातच संपलेला असतो.

तो कशात संपतो, हे पाहण्यासाठी थोडी आकडेमोड करू. एका कोयत्याची उचल १ लाख रुपये धरू. प्रत्यक्षात ती कमी-अधिक असते. १ लाखाला ३६५ ने भागले की दिवसाचे २७४ रुपये होतात. घरात पाच माणसे असतील तर माणशी ५५ रुपयेही नाहीत. यातूनच बियाणे, खत, शाळेचा खर्च, दवाखाना, सण, आहेर, प्रवास, मोबाइलचे रिचार्ज. शेतातला कापूस वा सोयाबीन चांगले आले तर भर पडते. न आले तर पेरणीचा खर्चही याच लाखातून गेलेला असतो.

आता हीच रक्कम फेडायची बाजू. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ च्या करारात ती ३४ टक्क्यांनी वाढली आणि टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेली. हिशेब सोपा व्हावा म्हणून ३५० च धरू. १ लाख फिटायला सुमारे २८६ टन ऊस तोडावा लागतो. एका जोडीने दिवसाला २ टन तोडला तर १४३ दिवस, म्हणजे एकही दिवस न चुकता पावणेपाच महिने. गळिताचा हंगाम मात्र उसाच्या उपलब्धतेवर चालतो. तो ११० दिवसांत आटोपला तर मजुरी होते ७७ हजार, आणि २३ हजार रुपये ‘बाकी’ म्हणून पुढच्या हंगामाच्या मानेवर बसतात. जोडीने आळस केलेला नसतो, उधळपट्टीही केलेली नसते. पुढच्या वर्षीची उचल हातात पडते तीच २३ हजारांनी कमी, अन्यथा तेवढे कर्ज वाढवून.

काटकसरीविषयी जे लेखन होते ते बहुतेक खर्चाच्या बाजूवर होते. चहा कमी करा, घाऊक खरेदी करा, दिवा मालवा. ज्या घरात वर्षाची जमा ठरलेली आहे आणि खर्चात कापण्याजोगे फारसे उरलेलेच नाही, तिथे हा सल्ला तोकडा पडतो. अशा घराची खरी गळती पैशाच्या किमतीत आहे. समजा, दोघांनी रोजचे दहा रुपये वाचवले. वर्षाचे ३,६५० झाले. त्याच वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी गावातून २० हजार रुपये शेकडा तीन रुपये महिना दराने घेतले. महिन्याचे व्याज ६००, वर्षाचे ७,२००. तीनशे पासष्ट दिवस जपलेली काटकसर एका कर्जाच्या सहा महिन्यांच्या व्याजात जवळजवळ सगळी जिरते. शेकडा तीन हा दर ऐकायला लहान वाटतो, कारण तो महिन्याचा आहे; वर्षाचा केला की ३६ टक्के होतो. बँकेचे पीककर्ज ठरल्या मुदतीत फेडल्यास तीन लाखांपर्यंत राज्य शासनाच्या सवलतीमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि तरीही त्याच गावात ३६ टक्क्यांचा पैसा फिरतो. सातबारा वडिलांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, जुने कर्ज थकलेले. अशा एखाद्या कागदावरून शून्य टक्क्याचे दार बंद होते आणि छत्तीसचे उघडे राहते. वारसनोंद वेळेवर करणे हीदेखील काटकसर आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पैसे वाचविण्याच्या धडपडीने किती भयंकर वळण घ्यावे, याचा पुरावा या जिल्ह्याने २०१९ मध्ये राज्यापुढे ठेवला. फडात एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो; मजुरी तर बुडतेच, वर दंडही आकारला जातो. पाळीच्या दिवसांतले दुखणे, पांढरे जाणे, उघड्यावर राहिल्याने होणारे जंतुसंसर्ग यांसाठी वारंवार दवाखाना म्हणजे वारंवार खाडा. त्यापेक्षा गर्भाशयच काढून टाकलेले बरे, असा ‘हिशेब’ कित्येक घरांत मांडला गेला, आणि तो मांडायला मदत करणारेही भेटले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. खासगी रुग्णालयात झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा उसनवारीने वा वाढीव उचलीने भागवला जातो. म्हणजे खाडा वाचावा म्हणून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी, पाठ-कंबर खचलेल्या शरीराने पुन्हा फडातच जायचे. याला काटकसर म्हणता येणार नाही.

आपल्या परंपरेत परिग्रहाला मर्यादा घालणे हे व्रत आहे. ते ऐच्छिक असते आणि मर्यादा घालावी इतके हाती असते, तेव्हाच त्याला व्रत म्हणतात. गरिबाच्या उपासाला तपाचे नाव देण्याची चूक शहाण्या माणसांकडूनही होते, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

लग्नाविषयी फार लिहायला नको. सर्वांना ते ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातच बालपण गेलेल्या शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना स्थापन केली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत सामूहिक विवाहांचा आग्रह होता, हे लक्षात घेतले म्हणजे पुरे. व्यापारी समाजालाही जे ओझे त्या काळी असह्य वाटले, ते ऊसतोड घरात दोन-दोन, तीन-तीन हंगामांची उचल गिळते.

आता प्रश्न उरतो तो वाचलेल्या पैशाचा. तो ठेवायचा कुठे? २०२३-२४ मध्ये याच जिल्ह्यात काही बहुराज्य पतसंस्थांची कवाडे बंद झाली आणि जादा व्याजाच्या आशेने ठेवलेल्या ठेवी अडकल्या. ठेवीदारांत पेन्शनर होते, दुकानदार होते, आणि मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठवलेले मजूरही होते. यातला एक मुद्दा अजूनही पुष्कळांना माहीत नसतो. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, एका बँकेत, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होते. हे संरक्षण पतसंस्थांना लागू नाही, मग नावाची पाटी कितीही मोठी असो. दोन-तीन टक्के जादा व्याज देणाऱ्याने ते कशातून द्यायचे ठरवले आहे, हा प्रश्न ठेव ठेवण्याआधी विचारायचा असतो. पोस्टाचे आवर्ती खाते शंभर रुपये महिन्यानेही उघडते.

विम्याचेही असेच. सरकारी जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्ही मिळून ४५६. नैसर्गिक मृत्यूला २ लाख, अपघाती मृत्यूला आणखी २ लाख. उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली येऊन, विहिरीत पडून, साप चावून होणारे मृत्यू ज्या कामात घडतात, तिथे यापेक्षा स्वस्त तरतूद नाही. अडचण अशी की हा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो, आणि वर्षातील सर्वांत कोरडे खाते नेमके तेव्हाच असते. शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते दुर्घटनेनंतर कळते. परतीच्या वाटेवर हाती आलेल्या पैशांतून एप्रिलमध्येच पाचशे रुपये खात्यात टाकून ठेवावेत.

बचत गटांनी या जिल्ह्यात पुष्कळ केले आहे. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केल्यापासून बायकांच्या हाती प्रथमच असा पैसा आला, ज्याचे व्याज घराबाहेर जात नाही. गटातून शेकडा दोनने कर्ज घेतले तरी ते दोन रुपये गटातच, म्हणजे शेवटी तिच्याच वाट्याला येतात. पण ऊसतोडीच्या गावात गट मोडतो तो हंगामामुळे. दिवाळीला निम्म्या सदस्या निघून जातात, सभा होत नाहीत, हप्ते थकतात आणि बँकेच्या नोंदीत गट ‘अनियमित’ ठरतो. अनियमित ती बाई नसते, तिचे उत्पन्न असते. सभा आणि हप्ते दर महिन्याऐवजी हंगामाप्रमाणे आखले, जाण्यापूर्वी एक मोठा हप्ता आणि आल्यावर दुसरा असे ठरवले, तर तोच गट तग धरू शकतो. त्यासाठी कोणीतरी वही नीट लिहिणारा लागतो, मुकादमाची हिशेबपट्टी तपासून ‘बाकी’ खरी की वाढवलेली, हे सांगणारा लागतो. जमा-नावे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, असे निवृत्त लोक बीडमध्ये, आष्टी-कड्यात, अंबाजोगाईत, परळीत आहेत. टोळ्या परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये, आणि पावसाळ्यात नवी उचल ठरायच्या आधीचे दोन महिने वहीचे काम सर्वांत जास्त असते.